ग्लास परत आले का?

खडेबाजारात दुपारी चारच्या सुमाराला चहाच्या गाड्यावर कधीकधी एक गंमत दिसते. पातेलं उकळतंय, दूध आहे, गॅस आहे, गिऱ्हाईक उभं आहे. चहा मात्र मिळत नाही. ग्लास संपलेत. सगळे गल्लीतल्या कापडदुकानांत, काउंटरखाली, तळाला चहाची साय धरून बसलेले.

सर्व्हरवर येणारा ‘टू मेनी ओपन फाइल्स’ (फार फाइली उघड्या) हा एरर म्हणजे हेच. मेमरी मोकळी, डिस्क अर्धी रिकामी, तरी काम ठप्प. लिनक्समध्ये उघडी फाइल असो, सॉकेट (नेटवर्क जोडणीचं टोक) असो की पाइप (दोन प्रोग्रामांमधली नळी), प्रत्येकाला एकेक नंबर लागतो; तोच इथला ग्लास. ०, १, २ इनपुट, आउटपुट आणि एररसाठी सुरुवातीलाच गेलेले. एका प्रोसेसचं (चालू प्रोग्रामचं) सॉफ्ट लिमिट, म्हणजे सध्या लागू असलेली मर्यादा, बहुधा १०२४, म्हणजे शेवटचा नंबर १०२३. पुढे एरर २४. एरर २३ आला तर अख्ख्या मशीनचेच ग्लास संपले म्हणायचे, पण तो प्रकार विरळा.

यावर हमखास सुचणारा उपाय म्हणजे लिमिट्स डॉट कॉन्फ या सेटिंग फाइलीत तारांकन (म्हणजे सगळे युजर) टाकून ६५५३५ लिहिणे. पुन्हा लॉगिन करून लिमिट दाखवणारा ‘यूलिमिट -एन’ मारला की आकडा दिसतो, माणूस खूश होतो, आणि सर्व्हिस पुन्हा पडते. पडणारच. ती फाइल वाचली जाते लॉगिनच्या वेळी; सिस्टमडीनं (सर्व्हिसेस सुरू करणाऱ्या प्रोग्रामनं) उठवलेली सर्व्हिस त्या दारानं येतच नाही. तिच्या युनिटमध्ये (सिस्टमडीसाठीच्या सेटिंग फाइलीत) ‘लिमिटनोफाइल’ लिहा, डेमन-रीलोड करून सिस्टमडीला ती पुन्हा वाचायला लावा, सर्व्हिस रीस्टार्ट करा, आणि ‘प्रॉक’ डिरेक्टरीत त्याच प्रोसेसच्या नंबराखालची ‘लिमिट्स’ फाइल बघा. तिथं दिसेल तेच खरं.

पण आधी मोजा की! शेजारच्याच ‘एफडी’ डिरेक्टरीत किती नोंदी आहेत (एक नोंद म्हणजे एक उघडा नंबर), ते दर पाच मिनिटांनी बघायचं. आकडा गर्दीबरोबर चढून गर्दीबरोबर उतरत असेल तर ग्लास खरंच कमी आहेत, वाढवा. रात्री सामसूम असतानाही चढतच असेल, तर कुणीतरी परत करत नाहीये. उघड्या फाइलींची यादी देणारा ‘एलएसओएफ’ चोर दाखवतो: शेकडो सॉकेट ‘क्लोज-वेट’मध्ये, म्हणजे समोरच्यानं फोन ठेवलाय आणि आपला प्रोग्राम अजून रिसीव्हर कानाला लावून उभा. नाहीतर ‘डिलीटेड’ शिक्क्याची जुनी लॉग फाइल. पुसली तरी उघडी आहे तोवर डिस्कवरची जागा सुटत नाही. अशा वेळी लिमिट दहापट केलं, तर आज पडायचं ते पुढच्या आठवड्यात पडतं, एवढंच.

हल्ली काही गाड्यांवर कागदी कप आलेत. परत आणायची भानगडच नाही. चहाला ती चव येत नाही, ते सोडा.