आबांची वजनं मेलबर्नला

अमळनेरला आमचं धान्याचं दुकान होतं. आजोबांनी ते 1947 साली काढलं. दुकानात दोन तराजू होते, म्हणून वजनांचेही दोन संच. नवटाक (शेराचा आठवा भाग), पावशेर, अच्छेर (अर्धा शेर), शेर, अडशेरी (अडीच शेर), पासरी (पाच शेर) आणि पोती मोजायला एक अर्धमण (वीस शेर). 1956 च्या कायद्यानं मेट्रिक मापं आली, हळूहळू किलोची वजनं गल्ल्याजवळ बसली आणि ही जुनी परसात गेली. पासरी कैरीच्या बरणीवर दाब म्हणून, अर्धमण गोठ्याच्या दाराला टेकण म्हणून.

मी ती सगळी गोळा करून घासली तिथून माझा हा नाद सुरू झाला. आता धुळे, जळगाव, भुसावळच्या भंगारवाल्यांकडून आणलेली धरून साठेक वजनं घरात आहेत. मेलबर्नचे एक निवृत्त गृहस्थ अशीच वजनं जमवतात. त्यांच्याकडे औषधवाल्यांची पितळी वजनं दोन-दोन होती, माझ्याकडे आमचाच दुसरा संच. अदलाबदल ठरली.

“इतलं लोखंड कथा धाडी ऱ्हायनी व माय?” माझ्या वडिलांनी, आबांनी, अहिराणीत विचारलं, एवढं लोखंड कुठे पाठवतेयस म्हणून. मी नकाशात दाखवलं. ते बराच वेळ बघत राहिले.

पहिल्या खेपेला मी दोन मोठ्या चुका केल्या आणि दोन्ही महागात पडल्या. एका खाजगी कुरियरवाल्याकडे गेले. वस्तू जपायची म्हणून चाळीस बाय चाळीस बाय चाळीस सेंटिमीटरचं खोकं घेतलं आणि कागदाचे बोळे ठासून भरले. कुरियरमध्ये लांबी, रुंदी आणि उंचीचा गुणाकार करून त्याला 5000 नं भागतात. येईल ते घनफळी वजन, आणि खरं वजन व हे यांतलं जे जास्त असेल त्याचे पैसे. माझं लोखंड पावणेनऊ किलो, बिल झालं 12.8 किलोचं. जवळपास चार किलो मी हवाच पाठवत होते. लोखंडाला छोटं खोकंच लागतं, हे तेव्हा कळलं.

दुसरी चूक शब्दाची. फॉर्मवर त्यांनी ‘अँटिक आयर्न’ लिहिलं आणि मी बघून मान डोलावली, कारण मला ते भारदस्त वाटलं. पार्सल मुंबईहून तीन आठवड्यांनी परत आलं. पुरावस्तू आणि कलानिधी कायदा, 1972 प्रमाणे शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू धरली जाते आणि ती खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. आमची वजनं तेवढी जुनी नाहीत, पण फॉर्मवर ‘अँटिक’ आहे म्हटल्यावर अधिकारी वयाचा पुरावा मागणारच, आणि तो त्यांचा हक्क आहे. वस्तूच्या वयाबद्दल खरंच शंका असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला घ्यावा लागतो. मी आजोबांच्या खतावणीतलं वजनखरेदीचं पान शोधलं, त्याची झेरॉक्स काढली आणि ती आता प्रत्येक पार्सलला जोडते.

दुसऱ्या खेपेला पोस्ट धरलं आणि तिथे माझा खरा अभ्यास झाला.

परदेशी टपालात तेव्हा स्मॉल पॅकेटला, म्हणजे छोट्या पाकिटाला, 2 किलोची मर्यादा होती. आपला 80 तोळ्यांचा शेर म्हणजे 933 ग्रॅम. दोन शेर एकत्र ठेवले तर 1866 होतात आणि पॅकिंगला उरतात फक्त 134 ग्रॅम. मी पुठ्ठा, चिकटपट्टी, कापड सगळं स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजलं, बसेना. मग वेगळी जुळणी केली: एक शेर, एक अच्छेर, एक पावशेर, एक नवटाक. मिळून 1750 ग्रॅम. अडीचशे ग्रॅम पॅकिंगला मोकळे. नवटाकापासून शेरापर्यंतचा अख्खा जिना एका पाकिटात मावला तेव्हा मला फार आनंद झाला. अडशेरी 2333 ग्रॅमची, ती मर्यादेबाहेर गेली. तिला पासरीबरोबर पार्सलमध्ये घातलं, दोन्ही मिळून सात किलो.

पॅकिंगबद्दल सविस्तर लिहिते, कारण आपल्याकडच्या माणसाचा हात नेमका चुकीच्या वस्तूकडे जातो. चोपड्याहून मामेभावानं केळीची खोकी दिली होती. निर्यातीची, जाड, सुरेख. आबा म्हणाले, आत केळीची वाळलेली पानं घाल, आम्ही काचेची बरणीही तशीच धाडायचो. दोन्ही ऑस्ट्रेलियाला चालत नाही. फळांची वापरलेली खोकी, वाळलेली पानं, काड, गवत, भुस्सा यांतून रोग-कीड येते म्हणून तिथला जैवसुरक्षा विभाग ते अडवतो. लाकडी पेटी केली तर तिच्यावर आयएसपीएम 15 चा, म्हणजे लाकडातली कीड मारल्याचा आंतरराष्ट्रीय शिक्का लागतो. आणि मातीसुद्धा नको. पासरीच्या बुडाला, जिथे वजन जुळवायला शिसं ओतलेलं असतं, त्या खोबणीच्या कडेला परसातली काळी माती दगडासारखी बसली होती. गरम पाण्यात भिजवून, जुन्या दात घासायच्या ब्रशनं आणि शेवटी दाभणानं ती मी कणाकणानं काढली. माती निघाली तसे शिशावरचे तपासनिसाचे ठसे उघडे पडले. आबांनी त्यावर अंगठा फिरवला.

शेवटी नवाकोरा पुठ्ठा आणून वजनाच्या आकाराची भोकं कापली, थरावर थर चिकटवले आणि वजनं त्यात दाबून बसवली. खोकं कानाशी धरून हलवायचं, आवाज आला तर परत उघडायचं. लोखंड आत हललं की पहिल्याच आपटण्यात कोपरा फोडून बाहेर येतं. वरून मांजरपाट शिवून घेतलं.

आता आत काय आहे ते कस्टमला सांगायचे फॉर्म. पाकिटाला सीएन 22 लागला, पार्सलला सीएन 23. पाकिटातल्या मालाची किंमत 300 एसडीआरच्या (एसडीआर म्हणजे आंतरराष्ट्रीय हिशेबाचं एकक) वर गेली तर त्यालाही सीएन 23 लागायचा. मी इंग्रजीत लिहिलं त्याचा अर्थ असा: दुकानातली वापरलेली वजनं, ओतीव लोखंड, संग्रहासाठी, चार नग. प्रत्येकाचं निव्वळ वजन, किंमत, मूळ देश भारत, आणि एचएस कोड, म्हणजे मालाच्या प्रकाराचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, 8423.90, जो वजनकाट्याच्या वजनांचाच आहे. नुसतं ‘जुनं लोखंड’ लिहू नका, ते भंगार वाटतं. अक्षर सुटं काढा. 2021 पासून ही माहिती पार्सलच्या आधी संगणकावरून पुढच्या देशाला जाते, त्यामुळे पोस्टातल्या भाऊंनी जे टाइप केलं तेच तिथला कस्टमवाला वाचतो.

‘गिफ्ट’वर खूण करायचा सल्ला मला चार जणांनी दिला. मी केली नाही. अदलाबदल ही भेट नव्हे, म्हणून ‘इतर’वर खूण केली आणि बाजूला अदलाबदल असं लिहिलं. किंमतही संग्राहक देईल तीच लिहिली, भंगाराची नाही. आजोबांच्या पासरीची किंमत दोन-पाच रुपये लिहायला माझा हात धजला नसता. ऑस्ट्रेलियात 1000 डॉलरपर्यंतच्या साध्या मालावर तसंही आयातशुल्क नाही, मग खोटं कशाला? त्या गृहस्थांनाही कळवलं की तुमच्या खोक्यावर ‘गिफ्ट’ लिहू नका. आपल्याकडे डिसेंबर 2019 पासून टपालानं येणाऱ्या वस्तूंना भेट म्हणून करमाफी मिळत नाही, राखी आणि जीवरक्षक औषधं सोडून. पितळी वजनांवरचं शुल्क मी भरलं आणि पावती वहीत चिकटवली. विकण्यासाठी नियमित पाठवणार असाल तर ही वाट नाही, त्याला आयात-निर्यात कोड काढावा लागतो.

पाकीट आणि पार्सल दोन्ही पोचली. त्यांनी फोटो पाठवला, खिडकीत उतरंडीसारखी मांडलेली सहाही वजनं.

राहिलं ते अर्धमण, 18.66 किलोचं. टपालाचा खर्च परवडत नाही. माझी भाची मेलबर्नला शिकते, ती दिवाळीनंतर परत जाईल. तिच्या तिकिटावर 23 किलोच्या दोन बॅगा आहेत आणि एक द्यायला ती तयार आहे. रिकामी बॅग साडेतीन किलोची, म्हणजे झाले 22.16. एक्स-रेमध्ये नुसता काळा गोळा दिसेल, म्हणून वर यादी, फोटो आणि खतावणीची झेरॉक्स ठेवणार आहे. आबांनी काल ते वजन धुऊन ओट्यावर उन्हात ठेवलंय आणि गोठ्याच्या दाराला दगड लावलाय.