भोवरा थांबला, आणि थ्रोही थांबले

मी ज्युदोचा गेम बनवतोय. परवा रात्री पावणेदोनला त्यातल्या मॅटच्या कोपऱ्यात पहिला धड ताई-ओतोशी (पुढे पाय आडवा घालून पाडायचा डाव) लागला. निळ्या पोशाखाचा खेळाडू पडला, पाठीवर पडला आणि पडून राहिला. गरगर फिरला नाही. मागच्या खेपेच्या व्हिडिओत कडेला गेलेले खेळाडू भोवऱ्यासारखे फिरत होते; तो ज्यांनी पाहिलाय, त्यांना या वाक्याची किंमत कळेल. मी खुर्चीतून ओरडलो, दादा पाणी प्यायला उठलेला, तो दारातून म्हणाला, "अजून काय करुलालास बे? झोप की." झोप कुठली येते.

सुरुवात पकडीपासून करतो, कारण सगळं रामायण तिथलंच. आधी हात आणि लॅपेल (जॅकेटची छातीवरची कॉलर) यांच्यामध्ये मी सरळ पिन जॉइंट, म्हणजे पक्का सांधा, टाकला होता. पांढरा एक पाऊल पुढे आला की निळा कांगारूसारखा मागे उडी मारायचा. दोन्ही हातांची पकड बसली की दोन शरीरं मिळून बंद साखळी तयार व्हायची, सॉल्व्हरला (सांध्यांची गणितं सोडवणाऱ्या भागाला) ती झेपायची नाही आणि दोघं छताकडे रवाना. मी वापरतो त्या गोडो गेम इंजिनात ४.४ पासून जोल्ट हे फिजिक्स इंजिन आतच आल्यावर थरथर कमी झाली, कांगारू मात्र गेला नाही. महिनाभर मी डॅम्पिंगचे (हालचाल मंदावण्याचे) आकडे फिरवत बसलो.

उत्तर टॉवेलने दिलं. सोलापुरात घरात दुसरं काही नसलं तरी टॉवेल असतातच. भाचा एक टोक धरून ओढत होता, दुसरं माझ्या हातात. ओढून ओढून कंटाळला आणि माझ्या अंगावर धावून आला, तर टॉवेल मध्येच नुसता लोंबला. मी तसाच उभा. कापड ओढतं, ढकलत नाही! माझ्या गेममध्ये लॅपेलच्या जागी लोखंडी गज होता. ढकलायचं काम मुठीचं, ती छातीला टेकली की, कापडाचं नव्हे.

मग गी (ज्युदोचा पोशाख) खुंटीला अडकवून, कॉलरला बॅगा तोलायचा काटा लावून ओढून बघितलं. पहिले पाचसहा सेंटिमीटर काटा जेमतेम हलतो, नंतर एकदम चढतो. तेवढी ढील सोडून पुढे स्प्रिंग, आणि बल उणे आलं तर सरळ शून्य. जॉइंट काढून टाकले, हे बल मी स्वतःच दर टिकला (गेमच्या हिशोबाच्या प्रत्येक ठोक्याला) लावतो. कांगारू त्याच संध्याकाळी गेला. (गीवरून आठवलं. ऑनलाइन मागवला, वर 'आधीच आक्रसलेला' असं छापलेलं. एका धुण्यात बाही मनगटाच्या चार बोटं वर गेली. चादरींच्या गावात राहून सुती कापडात फसलो म्हणून घरचे अजून हसतात. दुकानाचं नाव घेत नाही, पण धुवून मोजल्याशिवाय बाही कापून घेऊ नका.)

आता भोवरा. मॅटच्या मध्यभागी सगळं लोण्यासारखं. कडेला गेलं की निळ्याची छाती एकीकडे, पांढऱ्याचा हात उलटीकडे, दोघं गरागरा. मला वाटलं मॅटच्या कडेच्या लाल पट्टीच्या कोलायडरचा (टक्कर ओळखणाऱ्या आकाराचा) दोष. तो काढला, फरक नाही. घर्षण बदललं, सेकंदाला ६० टिक होते ते १२० केले, खेळाडूच्या पंधरा बॉडींपैकी (शरीराच्या तुकड्यांपैकी) एकेक बंद करून पाहिली. तीन आठवडे गेले. भाचा मात्र मुद्दाम कडेलाच खेळायचा, त्याला भोवरा आवडायचा. मग एक दिवस तो म्हणाला, "मामा, जेवढं लांब नेतो तेवढं जास्त फिरतंय बघ."

जेवढं लांब! कशापासून लांब? मॅटच्या मध्यापासून, म्हणजे जगाच्या शून्य बिंदूपासून. अप्लाय फोर्सला (बल लावायच्या गोडोच्या आज्ञेला) जी जागा द्यायची ती बॉडीच्या मूळबिंदूपासूनचं अंतर म्हणून द्यायची असते, दिशा फक्त जगाच्या अक्षांत. मी सरळ जगातली जागा देत होतो. आठ मीटरच्या मॅटच्या कडेला निळ्याच्या छातीला चार मीटरची पहार लावून पिळल्यासारखं ते होत होतं. डॉक्युमेंटेशनमध्ये हे एका ओळीत स्वच्छ लिहिलंय. मी ती ओळ वाचली होती, असं मला वाटत होतं. दुरुस्ती म्हणजे एक वजाबाकी.

ती केली आणि भोवरा थांबला. पण थ्रोही थांबले! मध्यभागी जे ओसोतो, सेओई हे डाव झकास लागत होते, ते एकही लागेना. मी ओढतोय, निळा बुजगावण्यासारखा उभा. जरा विचार केल्यावर घाम फुटला. छाती जमिनीपासून सव्वा मीटर वर. म्हणजे मध्यभागीसुद्धा प्रत्येक ओढीला सव्वा मीटरची फुकट पहार मिळत होती आणि निळा आपोआप पुढे कलत होता. ज्या कुझुशीचं (समोरच्याचा तोल घालवण्याचं) मी मागे कौतुक करून घेतलं ती कुझुशी नव्हतीच, बग होता. ज्यांनी शाबासकी दिली त्यांनी ती परत घ्यावी.

स्प्रिंग कडक करून बघितली, पण मग खेळ क्रेन चालवल्यासारखा वाटतो. शेवटी तोल मोजायची पद्धतच बदलली. आधी मी फक्त बघायचो की गुरुत्वमध्य दोन पावलांच्या चौकटीबाहेर गेला का. हॉफ आणि सहकाऱ्यांचा २००५ चा पेपर आहे, त्यात वेगही धरलाय: गुरुत्वमध्याच्या जागेत वेग भागिले ओमेगा मिळवायचा. ओमेगा म्हणजे गुरुत्वत्वरण भागिले लंबकाची लांबी, त्याचं वर्गमूळ. लांबी ९५ सेंटिमीटर धरली तर साधारण ३.२. म्हणजे निळा सेकंदाला अर्धा मीटर वेगाने सरकत असेल तर त्याचा 'खरा' तोल पंधरा सेंटिमीटर पुढे असतो. उभ्या निळ्याला ओढून काही होत नाही. त्याला चालतं करायचं, पाऊल टेकायच्या बेतात असताना हिकिते (त्याची बाही धरलेला हात) ओढायचा, आणि पुढे पाय आडवा. परवाचा ताई-ओतोशी असाच लागला, सतराव्या प्रयत्नात. आधीचे सोळा पडले नाहीत याचा मला जास्त आनंद झाला. गेमपॅडचा डावा ट्रिगर हिकिते, उजवा त्सुरिते (लॅपेल धरलेला हात), तेच ठेवलंय. कीबोर्डवाल्यांनो, माफ करा, अर्धवट ओढ की दाबून देता येत नाही.

बाकी किरकोळ. युको (सगळ्यात छोटा गुण) परत घातला. २०१७ मध्ये तो नियमांतून गेला म्हणून मी कोड उडवला होता, २०२५ पासून परत आला: ओसाएकोमीत (जमिनीवर दाबून धरण्यात) ५ सेकंदांना युको, १० ला त्याहून मोठा वाझा-आरी, २० ला इप्पोन, म्हणजे थेट विजय. गिटमधून (कोडच्या जुन्या आवृत्त्या जपणाऱ्या साधनातून) जुना कोड जसाच्या तसा निघाला आणि पहिल्या फटक्यात चालला. असं आयुष्यात एकदाच होतं.

पुढचा बेत नेवाझाचा (जमिनीवरच्या झुंजीचा) होता. पण हे लिहिताना डोक्यात आलं की ढील कायम सहा सेंटिमीटर का असावी? खऱ्या कुस्तीत, म्हणजे ज्युदोत हो, ओढाओढीने जॅकेट पट्ट्यातून बाहेर येतं. ढील हळूहळू दहापर्यंत वाढू दिली तर शेवटच्या मिनिटाला तीच ओढ उशिरा पोचेल. मग पंच माते (थांबा) देईल, दोघं गी नीट करतील, ढील परत सहावर. कुणी मुद्दाम गी विस्कटला तर शिदो, म्हणजे ताकीद. चार मिनिटांच्या लढतीला आपोआप चढउतार मिळतो, स्टॅमिनाच्या हिरव्या पट्टीची गरजच नाही. ती पट्टी मला पहिल्यापासून आवडत नव्हती. आज रात्रीच काढतो.

तेव्हा नेवाझा लांबणीवर. आधी पट्टा सोडून परत बांधायचं अ‍ॅनिमेशन लागेल. कुणाकडे मोकॅप (माणसाच्या हालचालींचं रेकॉर्डिंग) असेल तर द्या. महिन्याला पैसे मागणारं मोकॅपचं अ‍ॅप मी परत घेणार नाही, त्यात बोटं कधीच नीट येत नाहीत. नाहीतर मीच आखूड बाह्यांचा गी घालून मोबाइलसमोर उभा राहतो. भाचा कॅमेरा धरायला तयार आहे, फक्त शनिवारपर्यंत भोवरा परत आणून द्या म्हणतोय.