रास्पबेरीच्या तेलातली जवस-करडई कशी पकडायची

रास्पबेरीच्या बियांचे तेल महाग, आणि नागपुरात जवस नि करडई दोन्हींचे तेल कधीही मिळते. ही दोन निम्मी-निम्मी मिसळली तर मेदाम्लांपैकी लिनोलिक आम्ल साधारण ४५ टक्के आणि अल्फा-लिनोलेनिक २७ टक्क्यांच्या आसपास येते. अस्सल रास्पबेरीत ते अंदाजे ५४ आणि २९ असते. हेच मिश्रण अस्सल तेलात फक्त २० टक्के घातले तर अहवालात ५२ आणि २९ दिसेल. यावरून कुणीही काही म्हणू शकणार नाही.

तरी सुरुवात मिथाइल एस्टरपासूनच, म्हणजे मेदाम्ले गॅस क्रोमॅटोग्राफमध्ये सहज वाफ होतील अशा रूपात आणण्यापासून. १०० मिग्रॅ तेल २ मिली आयसोऑक्टेनमध्ये विरघळवा, मिथेनॉलमधले २ मोलर पोटॅशियम हायड्रॉक्साइड ०.१ मिली घाला, झाकण घट्ट लावून मिनिटभर जोरात हलवा. ग्लिसरॉल खाली बसले की १ ग्रॅम सोडियम बायसल्फेट टाका, वरचा थर काढून ५० पट पातळ करा. जुलै-ऑगस्टमध्ये मिथेनॉल हवेतले पाणी ओढते, मग एस्टरऐवजी साबण होतो: मध्ये पांढरा फेसाळ पट्टा राहतो आणि थर सुटत नाहीत. बाटलीत ३ अँगस्ट्रॉमची मॉलिक्युलर सीव्ह ठेवली की हे टळते. खवट तेलाला मात्र ही रीत चालत नाही, कारण सुट्या आम्लांचे अल्कलीने एस्टर होत नाहीत. तिथे मिथेनॉलमध्ये १ टक्का सल्फ्युरिक आम्ल, ५० अंशांवर रात्रभर.

गॅस क्रोमॅटोग्राफचा कॉलम, म्हणजे एस्टर वेगळे करणारी बारीक नळी, वॅक्सचाच (ध्रुवीय थराचा) हवा: ३० मीटर, ०.२५ मिमी, थर ०.२५ मायक्रॉन. इंजेक्शन १ मायक्रोलिटर, स्प्लिट १:५०, ओव्हन १५० वरून मिनिटाला ४ अंशांनी २४० पर्यंत. मशीनवर ५ टक्के फिनाइलवाला कॉलम आधीच लावलेला असतो म्हणून तोच चालवण्याची सवय इथे नडते, कारण त्यावर ओलेइक आणि अल्फा-लिनोलेनिक एकमेकांवर चढतात. वॅक्सवर स्टिअरिक, ओलेइक, लिनोलिक, गॅमा-लिनोलेनिक, अल्फा-लिनोलेनिक असा सरळ क्रम मिळतो. अल्फाची जागा पक्की करायला जवसाचे तेल उत्तम. त्यात निम्म्याहून जास्त तेच असते.

मास स्पेक्ट्रोमीटरच्या (रेणू आणि त्यांचे तुकडे वजनाने ओळखणाऱ्या यंत्राच्या) लायब्ररीने दिलेल्या नावावर विसंबू नका. गॅमा आणि अल्फा दोघांचाही रेण्वीय आयन २९२. फरक छोट्या आयनांत आहे, गॅमाला १९४ व १५०, अल्फाला २३६ व १०८. ओलेइक आणि व्हॅक्सेनिकमध्ये तर तेवढाही फरक नाही, तिथे शुद्ध प्रमाणद्रव्य कॉलममधून बाहेर पडण्याची वेळच बघावी लागते. टक्केवारी एफआयडीवरून (ज्वालेवर चालणाऱ्या शोधकावरून) काढा, मासच्या एकूण आयन प्रवाहावरून नको.

भेसळीचा पहिला सुगावा पामिटिकमध्ये लागतो. रास्पबेरीत ते २.५ ते ३ टक्के, जवस-करडईच्या मिश्रणात ६ च्या जवळ. पण बोटांचा तेलकटपणा आणि नीट न धुतलेली काच यांतूनही पामिटिक येते, त्यामुळे कोरा (तेल न घातलेला) नमुना चालवल्याशिवाय या आकड्याला अर्थ नाही. १४९ चे आयन दिसले तर प्लास्टिकच्या नळीतले थॅलेट समजा.

२० टक्के भेसळीत पामिटिक जेमतेम ०.७ टक्क्याने वाढते. खरा निवाडा अख्ख्या ट्रायग्लिसराइडवर, म्हणजे तीन मेदाम्ले जोडलेल्या तेलाच्या मूळ रेणूवर, होतो. तीनही जागी लिनोलेनिक असलेला रेणू बघा. आम्लांची वाटणी यदृच्छेने झाली असे धरले तर २९ टक्क्यांचा घन, म्हणजे सुमारे २.४ टक्के, ५५ टक्क्यांच्या जवसात जवळपास १७. तेलात १० टक्के जवस आणि तेवढीच करडई असेल तर हा आकडा ३.६ होतो, म्हणजे दीडपट, आणि तेव्हाही अल्फा-लिनोलेनिकची टक्केवारी जागची हललेली नसते.

त्यासाठी एलसी-एमएस (द्रव क्रोमॅटोग्राफला जोडलेला मास स्पेक्ट्रोमीटर), सी-१८ कॉलम, ॲसिटोनायट्राइल आणि आयसोप्रोपेनॉल, सोबत अमोनियम फॉर्मेट. ते आयसोप्रोपेनॉलमध्ये नीट विरघळत नाही, आधी थोड्या पाण्यात विरघळवून घ्या. हवा असलेला आयन ८९०.७. शेजारी ८९६.८ वर ट्रायलिनोलीन (तीन लिनोलिकांचा रेणू) येते, पण ओलेइक-लिनोलिक-लिनोलेनिक रेणूचे वजनही नेमके तेवढेच. तुकडे पाहा: पहिल्यात फक्त ५९९, दुसऱ्यात ५९७, ५९९ आणि ६०१.

यदृच्छेचे गणित केवळ अंदाजासाठी. निकाल देताना अस्सल तेल, जवस आणि वजनाने केलेली १० व २० टक्क्यांची मिश्रणे त्याच दिवशी, त्याच कॉलमवर चालवा. नागपूरच्या मे महिन्यात खिडकीशी पडून राहिलेल्या बाटलीचे आधी पेरॉक्साइड मूल्य (तेल किती ऑक्सिडाइज झाले त्याचे माप) काढा. तीन लिनोलेनिकांचा रेणू सगळ्यांत आधी ऑक्सिडाइज होतो, आणि भेसळ असूनही तेल अस्सल ठरते.