आमची वाटचाल : निवडीच्या टेबलापासून भट्टीपर्यंत

२०११ मध्ये कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीत भाड्याचा एक गाळा घेऊन आम्ही कॉफी भाजण्याचा व्यवसाय सुरू केला, तेव्हा आमच्याकडे पाच किलोची एक भट्टी, एक दळणयंत्र आणि चार माणसे होती. पुणे-बेंगळुरू महामार्ग जवळच असल्यामुळे चिकमगळूरहून येणारा हिरवा, म्हणजे न भाजलेला, दाणा उतरवून घेणे आणि भाजलेली कॉफी पुण्याला व गोव्याला पाठवणे सोयीचे झाले. विक्री कशी वाढली, कर्ज कसे फिटले ही हकीकत इतर लघुउद्योगांसारखीच आहे, म्हणून ती येथे सांगत नाही. आमच्या गाळ्यात स्त्रियांच्या कामाची किंमत कशी ठरत होती आणि ती बदलायला किती उशीर झाला, हे मात्र सविस्तर सांगितले पाहिजे.

सुरुवातीपासून पोती उतरवणे, भट्टी चालवणे, चव घेणे आणि ग्राहकांशी बोलणे ही कामे पुरुषांकडे होती. दाणे निवडणे, पाकिटे भरणे आणि लेबले लावणे स्त्रियांकडे. पुरुषांना महिन्याचा पगार मिळत असे, स्त्रियांना रोजंदारी. ही विभागणी कोणी बसून ठरवलेली नव्हती. बायकांना तांदूळ-ज्वारी निवडायची सवय असतेच, तेच काम येथे करायचे, एवढाच विचार त्यामागे होता. घरात जे काम फुकट होते त्याला कारखान्यात थोडके पैसे दिले तरी पुरतात, असा त्या विचाराचा खरा अर्थ होता, आणि तो माझ्या ध्यानात यायला पाच वर्षे गेली.

निवड म्हणजे काय, हे कॉफीच्या धंद्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. काळा पडलेला, किडीने पोखरलेला, फुटका किंवा आंबलेला दाणा पोत्यात राहिला तर पेल्यातली चव बिघडते, आणि हे बरेचसे दाणे भाजण्यापूर्वीच हाताने वेचावे लागतात. चिकमगळूर-हासनच्या क्युरिंग कारखान्यांत, म्हणजे वाळलेल्या कॉफीचे टरफल काढतात तिथे, यंत्रांनी प्रतवारी झाल्यावरही स्त्रिया रांगेत बसून दाणा न् दाणा पाहतात. कच्च्या तोडलेल्या फळाचा दाणा मात्र हिरवा असताना सहसा ओळखू येत नाही. तो भाजल्यावर फिकट राहतो आणि त्याला भुईमुगासारखा, कागदासारखा वास येतो.

२०१६ च्या पावसाळ्यात एका ग्राहकाने कॉफी परत पाठवली. भट्टीचे तापमान, भाजण्याची मिनिटे, पाणी, सगळे आम्ही दोनदा तपासले आणि तरी दोष सापडेना. निवडीच्या टेबलावर बसणाऱ्या, आम्ही ज्यांना मावशी म्हणतो त्या बाईंनी परत आलेल्या पाकिटातले मूठभर दाणे सुपात घेतले, बोटाने पसरले आणि फिकट दाणे एका बाजूला काढले. त्या म्हणाल्या, “दादा, ह्यो दाणा कवळा असतानाच तोडलाय. कितीबी भाजला तरी रंग धरायचा न्हाई. गेल्या दोन पोत्यांत लई हाय असलं.” दोन आठवड्यांपूर्वीच त्यांच्या हे लक्षात आले होते. मग सांगितले का नाही, असे मी विचारले, तर त्यांचे उत्तर होते की त्यांना कोणी विचारलेच नव्हते. पाच वर्षे आमच्या कॉफीचा दाणा न् दाणा पाहणाऱ्या या बाईंनी आमच्या गाळ्यात चव घेण्यासाठी चमचा एकदाही हातात घेतलेला नव्हता. आशियातल्या पहिल्या महिला कॉफी-चवपरीक्षक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सुनलिनी मेनन यांनी कॉफी बोर्डाचा गुणवत्ता विभाग वर्षानुवर्षे सांभाळला, हे या धंद्यातल्या प्रत्येकाप्रमाणे मलाही ठाऊक होते. तरी माझ्याच गाळ्यात बाई चव का घेत नाही, हा प्रश्न मला पडला नव्हता.

पुढच्या महिन्यापासून निवडीचे काम कुशल धरून आम्ही चौघींना मासिक पगारावर घेतले आणि भट्टीवरच्या मदतनिसाइतकाच पगार ठरवला. १९७६ चा समान वेतनाचा कायदा तेव्हा लागू होता, पण तो सारख्या किंवा सारख्या स्वरूपाच्या कामाला सारखा मोबदला मागत असे. आमची कामेच मुळात वेगळी वाटलेली असल्यामुळे कागदोपत्री आम्ही निर्दोष होतो, आणि कोणते काम कुशल हे ठरवताना केलेला अन्याय कोणत्याही तपासणीत दिसला नसता.

त्यानंतर दर शनिवारी कपिंगला, म्हणजे कॉफीची चव तपासायला, निवडीच्या सगळ्या जणी बसू लागल्या. कपिंगमध्ये भरड दळलेल्या कॉफीवर गरम पाणी ओततात, चार मिनिटांनी वर आलेला थर चमच्याने मोडून वास घेतात आणि मग चमचाभर कॉफीचा जोरात भुरका मारतात, म्हणजे ती जिभेवर आणि टाळूवर सगळीकडे पसरते. या भुरक्याने पहिले तीन शनिवार आम्हाला अडवले. जेवताना आवाज करू नये, हे लहानपणापासून बजावलेल्या बायकांना पुरुषांच्या देखत भुरका मारणे अशक्य होते. शेवटी माझ्या पत्नीने पुरुषांना बाहेर बसवले आणि महिनाभर कपिंग फक्त स्त्रियांचे झाले. आज कोणता माल घ्यायचा यावर मावशींचे मत शेवटचे असते.

भट्टीवर स्त्री नेमण्याला मोठा आक्षेप पोत्याचा होता. पन्नास किलोचे पोते बाई कशी उचलणार, असे सगळेच म्हणत. आम्ही एक ढकलगाडी घेतली, निवडीनंतरचा माल पाच-पाच किलोच्या बादल्यांत तोलून ठेवू लागलो आणि भट्टीच्या तोंडाशी दोन पायऱ्यांचा ओटा बांधला. त्याचा खर्च किरकोळ होता, आणि पुरुषांच्या कंबरेच्या तक्रारीही थांबल्या. २०१८ पासून आमच्या मुख्य भट्टीवर पाकिटे भरण्यापासून सुरुवात केलेली एक मुलगी आहे. दाणा पहिल्यांदा तडतडतो तो क्षण तिला घड्याळापेक्षा कानाने आधी कळतो.

सगळेच इतके सरळ झाले नाही. ग्राहकाच्या उपाहारगृहात यंत्र शिकवायला गेलेल्या आमच्या एका सहकारी मुलीशी तिथल्या व्यवस्थापकाने गैरवर्तन केले. तिने ते चार दिवसांनी सांगितले, कारण मोठा ग्राहक हातचा जाईल अशी तिला भीती होती. आम्ही तो ग्राहक सोडला आणि जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करताना तिच्यासोबत उभे राहिलो. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेला अंतर्गत समिती नेमावीच लागते; आम्ही तेव्हा नऊच होतो, तरी बाहेरच्या एका अनुभवी सदस्य ताईंना घेऊन ती नेमली. कामानिमित्त जिथे जावे लागते ती जागाही या कायद्याने कामाचीच जागा ठरते, हे प्रत्येक नव्या माणसाला आम्ही पहिल्याच दिवशी सांगतो.

बागेत काय चालते, हे पाहायला मी मावशींसह चिकमगळूरला गेलो. आंतरराष्ट्रीय कॉफी संघटनेच्या २०१८ च्या अहवालानुसार कॉफीच्या उत्पादनातले ७० टक्क्यांपर्यंत श्रम स्त्रियांचे असतात, पण स्त्रिया चालवत असलेल्या बागा २० ते ३० टक्केच आहेत. आम्ही पाहिलेल्या बागेत तोडणीचा मोबदला किलोवर होता. संध्याकाळी नवरा-बायकोच्या फळांचे एकत्र वजन होई आणि वहीत नाव फक्त नवऱ्याचे लागे. वजनकाट्याशेजारी उभ्या राहून मावशींनी मला विचारले की यातले तिचे किती, हे तिला तरी कसे कळणार. त्या बागेचे मालक आमचे जुने स्नेही आहेत. पिकलेलीच फळे तोडून देण्याबद्दल आम्ही किलोमागे वाढीव दर कबूल केला, आणि ती वाढ तोडणाऱ्या प्रत्येकीच्या स्वतंत्र नोंदीवर द्यावी, अशी अट घातली.

यंदाच्या हंगामात वहीत नावे वेगळी लागली आहेत. मात्र काही जणींची स्वतःची बँक खाती नसल्यामुळे त्यांची रक्कम अजून बागेच्या कार्यालयातच पडून आहे. मार्चमध्ये तोडणी संपल्यावर खाती उघडण्याची कागदपत्रे घेऊन मी आणि मावशी पुन्हा तिकडे जाणार आहोत.