ड्युप्लेक्स सिक्वेन्सिंग: नुकसान पेशीतलं की ट्यूबमधलं?

डीएनएचं नुकसान म्हणजे म्युटेशन नव्हे. ग्वानिनचं (डीएनएच्या ए, सी, जी, टी या चार अक्षरांपैकी, म्हणजे बेसपैकी, जीचं) ऑक्सिडेशन होऊन ८-ऑक्सोग्वानिन झालं, तर ते नुकसान: एकाच धाग्यावर बसलेलं आणि दुरुस्त होण्यासारखं. पेशीने त्यावरून कॉपी काढताना समोर सीऐवजी ए बसवला आणि पुढच्या फेरीत त्या एसमोर टी आला, की झालं म्युटेशन. आता दोन्ही धागे एकच खोटं बोलतात, त्यामुळे दुरुस्ती यंत्रणेला संशय घ्यायला जागाच उरत नाही.

डीएनएचे दोन्ही धागे वेगवेगळे वाचून ताडून बघणारं ड्युप्लेक्स सिक्वेन्सिंग नेमकं यावरच उभं आहे. सिअ‍ॅटलमधल्या लॉरेन्स लोब यांच्या प्रयोगशाळेने २०१२ मध्ये ही पद्धत मांडली. इल्युमिना या सिक्वेन्सिंग यंत्राच्या साध्या रीडमध्ये (एका तुकड्याच्या एका वाचनात) हजार बेसमागे एखादी चूक असतेच. कल्चरमधल्या मानवी पेशींत मात्र खरी म्युटेशन्स साधारण १ कोटी बेसमागे १ असतात. म्हणजे गोंगाट आवाजाच्या दहा हजार पट. म्हणून प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही टोकांना यादृच्छिक टॅग लावायचे, पीसीआर करायचा (म्हणजे तुकड्यांच्या भरपूर कॉप्या काढायच्या) आणि मग एका मूळ रेणूच्या सगळ्या कॉप्या एका कुटुंबात गोळा करायच्या. वरच्या धाग्याचं कुटुंब वेगळं, खालच्याचं वेगळं. प्रत्येकात किमान ३ रीड हवेत आणि दोन्हींचा निकाल जुळला तरच म्युटेशन मोजायचं.

एखादं रसायन म्युटेशन घडवतं का, हे बघायला पेशींना त्याचा डोस देतात. त्यानंतर पेशी कधी काढायच्या, इथे पहिली चूक होते. टीके६ पेशी (अशा चाचण्यांत वापरला जाणारा मानवी पेशींचा वाण) साधारण १२ ते १४ तासांत दुप्पट होतात, त्यामुळे डोसनंतर किमान दोन दुपटी तरी जाऊ द्याव्यात. त्या घड्याळावर नाही, पेशी मोजून ठरवायच्या. जास्त डोसला पेशी थबकतात, ४८ तासांतही दुप्पट होत नाहीत, आणि मग सर्वांत मोठ्या डोसला म्युटेशन्स कमी झालेली दिसतात. लगेच सुतावरून स्वर्ग गाठू नये. नुकसान तिथे असतं, फक्त त्याचं म्युटेशन झालेलं नसतं, आणि एका धाग्यावरची खूण ही पद्धत टाकूनच देते. एचपीआरटी जनुक बिघडलेल्या पेशी विषातून वाचतात का हे बघणाऱ्या एचपीआरटी चाचणीत याहून जास्त, आठवडाभर थांबावं लागतं, कारण तिथे पेशीतलं जुनं प्रथिन विरेपर्यंत ६-थायोग्वानिन या विषाला प्रतिकार दिसत नाही. इथे आपण थेट डीएनए वाचतो, म्हणून ती वाट बघायची गरज नाही.

दुसरी चूक हिशेबाची. हॅप्लॉइड मानवी जीनोमचं वजन ३.३ पिकोग्रॅम. म्हणजे १० नॅनोग्रॅम डीएनएत सुमारे ३,००० जीनोम. लायगेशन (टॅग जोडणं), कॅप्चर (हवे ते तुकडे पकडणं) आणि क्लीनअपमधून १० टक्के रेणू पूर्ण ड्युप्लेक्स होऊन बाहेर आले असं धरा, उरले ३००. पॅनेल (वाचायला निवडलेला जीनोमचा भाग) ५०,००० बेसचं असेल तर हाती दीड कोटी बेस, आणि पार्श्वभूमीच्या दराने (१ कोटी बेसमागे १) दीड म्युटेशन! यावरून काय बोलणार? तेच ५०० नॅनोग्रॅम घेतले तर ७५ कोटी बेस आणि कंट्रोलमध्ये (डोस न दिलेल्या पेशींत) सुमारे ७५ म्युटेशन्स मिळतात. योगायोगाच्या, म्हणजे पॉइसनच्या, हिशेबाने त्यात ९ इकडे-तिकडे. आता तिप्पट वाढ झाली तर ती स्वच्छ दिसेल.

रीडचंही तसंच. तुकडा २५० बेसचा धरला तर ७५ कोटी बेससाठी ३० लाख ड्युप्लेक्स रेणू लागतात, प्रत्येकी २० रीड-जोड्या म्हणजे ६ कोटी. एक धागा हरवलेले आणि पॅनेलबाहेरचे रेणूही रीड खातात, म्हणून दुप्पट धरून चालावं. पीसीआरमध्ये गरजेपेक्षा जास्त रेणू घातले की प्रत्येक कुटुंबाला एक-दोनच रीड मिळतात आणि ड्युप्लेक्सचा आकडा कोसळतो. फारच कमी घातले तर ५०-५० रीडची कुटुंबं होतात, म्हणजे पैसा पाण्यात. लायगेशननंतर टॅग लागलेले रेणू क्यूपीसीआरने (मोजणी करणाऱ्या पीसीआरने) मोजणं कंटाळवाणं आहे, पण ते टाळू नये.

खरी गंमत सोनिकेशनपासून, म्हणजे ध्वनिलहरींनी डीएनएचे तुकडे करण्यापासून, सुरू होते. तुकडे करताना ग्वानिन ऑक्सिडाइज होतं आणि पीसीआरनंतर जीच्या जागी टी दिसतो. धुरातल्या बेंझोपायरीन या म्युटेशन घडवणाऱ्या रसायनाची खूणही तीच: जीच्या जागी टी. म्हणजे ट्यूबमधला चोर हुबेहूब पेशीतल्या आरोपीच्या वेशात. साध्या सिक्वेन्सिंगमध्ये ओळखायची युक्ती अशी: पेअर्ड रीडमध्ये (एकच तुकडा दोन्ही टोकांकडून वाचलेल्या जोडीत) पहिल्या रीडला जीचा टी आणि दुसऱ्या रीडला सीचा ए असा कल असेल, तर माल ट्यूबमधला. खऱ्या म्युटेशनमध्ये दोन्ही रीडना दोन्ही बदल सारखेच दिसतात. काही जण सरसकट सगळे जी-टी बदल गाळतात. हे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. त्यापेक्षा पाण्याऐवजी १ मिलिमोलर ईडीटीए असलेल्या ट्रिस बफरमध्ये सोनिकेशन करावं, आणि लायब्ररीआधी (तुकडे सिक्वेन्सिंगसाठी तयार करण्याआधी) एफपीजी व यूडीजी ही एन्झाइम्स वापरून खराब बेस काढून टाकावेत.

पण ड्युप्लेक्सलाही चकवणारी एक जागा आहे: एंड रिपेअर, म्हणजे तुकड्यांची टोकं भरून सपाट करणं. सोनिकेशनने तुकड्याच्या टोकाला एकच धागा लोंबत राहतो. समजा त्यातल्या एका सायटोसिनचं युरॅसिल झालंय. पॉलिमरेज (डीएनए लिहिणारं एन्झाइम) समोरचा धागा भरताना युरॅसिलपुढे ए बसवतं. आता दोन्ही धागे जुळले, साक्ष पक्की, आणि म्युटेशन मात्र बनावट! रेणूत आत कुठे निक (एका धाग्यातला तुटलेला सांधा) असेल आणि पॉलिमरेज तिथून पुढे लिहीत गेलं तर तिथेही हेच होतं. म्हणून म्युटेशन्सचा आलेख रीडमधल्या स्थानानुसार काढावा. टोकाशी ढीग दिसला तर तो भराईचा. टोकाचे १० ते १५ बेस कापले तर बराचसा जातो, निकचा मात्र जात नाही. २०२१ मध्ये आलेल्या नॅनोसेक या सुधारित ड्युप्लेक्स पद्धतीत सोनिकेशनऐवजी एचपीवायसीएच४व्ही हे सपाट टोकं देणारं एन्झाइम वापरतात, म्हणजे भराईची गरज उरत नाही. शिवाय ए-टेलिंगमध्ये (टॅग जोडता यावा म्हणून टोकाला एक ए लावताना) डायडिऑक्सी न्यूक्लिओटाइड्स, म्हणजे ज्यांच्यापुढे धागा वाढत नाही असे बेस, घालतात, त्यामुळे निकवरून लिहायला लागलेलं पॉलिमरेज तिथेच अडतं. चुका १ अब्ज बेसमागे ५ पेक्षा कमी होतात. किंमत अशी, की या एन्झाइमच्या कापांतून जीनोमचा सुमारे ३० टक्केच भाग हाती येतो.

शेवटी मोजणी. जन्मजात व्हेरिएंट अर्ध्या किंवा सगळ्या रेणूंत दिसतात, ते आधी गाळा. उरलेल्यांत एकच बदल वीस रेणूंत दिसला, तर वीस वेगळी म्युटेशन्स झाली असं धरू नका. फ्लास्कमध्ये आधीच झालेल्या एका म्युटेशनची ती पिल्लावळ असते. तो बदल एकदाच मोजा. डोस देण्याआधी फ्लास्क किती पॅसेजचा आहे (पेशी किती वेळा नव्या फ्लास्कमध्ये हलवल्या आहेत) तेही टिपून ठेवा, कारण जुन्या फ्लास्कमध्ये ही पिल्लावळ मोठी असते आणि कंट्रोल व डोस वेगवेगळ्या फ्लास्कमधून आले असतील तर तुलनाच बिघडते.