फोनचं दुसरं टोक आपल्याकडे: बॉब न्यूहार्टचा पहिला अल्बम

गेले काही दिवस ऑफिसला जाता-येता कानात एकच अल्बम चालू आहे, बॉब न्यूहार्टचा पहिला, ‘द बटन-डाउन माइंड ऑफ बॉब न्यूहार्ट’, 1960 सालचा. स्टँडअपचं लाइव्ह रेकॉर्डिंग आहे, म्हणजे माणूस क्लबमध्ये उभा राहून बोलतोय, समोर लोक हसतायत आणि ते जसंच्या तसं एलपीवर घेतलंय, बस. आणि तरी मी तो परत परत लावतेय, कारण यातली खरी गंमत तो जे बोलतो त्यापेक्षा तो जिथे गप्प राहतो तिथे आहे, आणि इतकं ठळकपणे हे मला दुसऱ्या कुठल्याच कॉमेडियनच्या बाबतीत जाणवलं नव्हतं.

नाव ओळखीचं वाटत नसेल तर चेहरा नक्की आठवेल. ‘बिग बँग थिअरी’ या अमेरिकन सीरियलमधला प्रोफेसर प्रोटॉन, शेल्डन आणि लेनर्डचा लहानपणचा हिरो, तो म्हातारा म्हणजे हाच. त्या रोलसाठी 2013 मध्ये त्याला आयुष्यातलं पहिलं एमी, म्हणजे टीव्हीचं मोठं अवॉर्ड, मिळालं, वयाच्या 84 व्या वर्षी! जुलै 2024 मध्ये तो गेला तेव्हा 94 वर्षांचा होता. बहुतेक जणांनी त्याला म्हातारपणीच पाहिलंय, आणि म्हणून हा तिशीतला आवाज ऐकायला फार छान वाटतं, कारण बोलायची पद्धत तेव्हाही तीच आहे, तसाच अडखळत, तसाच सावकाश, जणू समोरच्याचं मन दुखवायचं नाहीये पण समोरचा जे सांगतोय ते काही केल्या पटत नाहीये.

आता हा माणूस मुळात अकाउंटंट, शिकागोचा. दिवसाच्या शेवटी पेटी कॅशचा हिशोब दोन-चार डॉलरने जुळला नाही की तेवढ्यासाठी तासन्‌तास कागद चिवडत बसण्यापेक्षा तो स्वतःच्या खिशातून भर घालून मोकळा व्हायचा, असं तो नंतर मुलाखतींमध्ये सांगायचा. तर ऑफिसात कंटाळा आला की तो एड गॅलगर नावाच्या मित्राला फोन लावायचा आणि कोणीतरी भलताच माणूस असल्यासारखं बोलत सुटायचा, पलीकडून तोही तसाच. हे इतकं जमायला लागलं की दोघांनी ते टेप करून रेडिओ स्टेशनांना विकायचा प्रयत्न केला. फारसं काही हाती लागलं नाही. मग गॅलगरला न्यूयॉर्कला जाहिरातीच्या धंद्यात नोकरी मिळाली आणि तो गेला.

मला वाटतं सगळी गोष्ट इथे आहे. दोघांचा संवाद, त्यातला एक उठून गेला. दुसरा कोणी असता तर नवीन पार्टनर शोधला असता, नाहीतर दोन्ही आवाज स्वतःच काढले असते. न्यूहार्टने ती खुर्ची तशीच रिकामी ठेवली आणि फोनवर एकटाच बोलत राहिला. पलीकडचा माणूस काय म्हणतोय ते आपल्याला कधीच ऐकू येत नाही, फक्त याची उत्तरं ऐकू येतात, आणि मधे जो पॉज असतो त्यात पलीकडचं वाक्य आपण बनवायचं असतं.

आपल्याकडे पुलंच्या कॅसेट ऐकून मोठ्या झालेल्या लोकांना श्रोत्यांच्या हशासकट विनोद ऐकायची सवय आहेच, ते काही नवीन नाही. पण पुलं काय करतात, तर सगळी माणसं स्वतःच्या गळ्यातून उभी करतात, प्रत्येकाचा हेल वेगळा, खोकणं वेगळं, आपण डोळे मिटले की अख्खी गर्दी समोर. न्यूहार्ट बरोबर उलटं करतो. तो एकच आवाज देतो, तोही साधा, नोकरदार माणसाचा, आणि गर्दी आपल्याकडून वसूल करतो. लोकलमध्ये शेजारचा फोनवर “नाही... अहो नाही... कधी?... कुठल्या हॉस्पिटलात?” असं बोलायला लागला की आपले कान कसे आपोआप तिकडे वळतात, अगदी तसंच होतं इथे.

पहिला ट्रॅक ऐका, ‘एब लिंकन वर्सेस मॅडिसन अॅव्हेन्यू’. मॅडिसन अॅव्हेन्यू म्हणजे न्यूयॉर्कमधला जाहिरात कंपन्यांचा रस्ता. कल्पना अशी आहे की अमेरिकेच्या यादवी युद्धाच्या वेळी लिंकन नावाचा कोणी माणूस नसता तर या जाहिरातवाल्यांनी तो तयार केला असता. तर लिंकन 1863 मध्ये गेटिसबर्गला ते जगप्रसिद्ध भाषण करायला गेलाय आणि आदल्या दिवशी त्याचा प्रेस एजंट त्याला फोन करतो. काय एब, कसं आहे गेटिसबर्ग? पॉज. बोअर होतंय, हं. अरे पेनसिल्व्हेनियातली ही छोटी गावं सगळी सारखीच असतात. इथपर्यंत आपण नुसतं ऐकत असतो. मग एकदम एजंटचा आवाज बदलतो, कारण पलीकडून लिंकन म्हणतोय की दाढी काढून टाकायचा विचार आहे. एजंट ओरडत नाही, चिडत नाही, लहान पोराला समजवावं तसा समजावतो, की एब, दाढी, शाल, उंच हॅट, तो बारीक टाय, हे सगळं मिळून तुझी इमेज आहे ना. पॉज. शाल कुठेय? वॉशिंग्टनला राहिली. मग अंगात काय घातलंयस? आणि त्यानंतरचा जो पॉज आहे ना, तो मला या आख्ख्या रेकॉर्डमध्ये सगळ्यात जास्त आवडतो, कारण त्यानंतर त्याच्या तोंडून येतं, कार्डिगनसारखं काहीतरी. एवढंच. लिंकन आणि कार्डिगन. आपल्या डोळ्यासमोर चित्र उभं राहतं आणि ते त्याने काढलेलंच नाहीये, आपण काढलंय.

मग भाषणाचा विषय निघतो. या भाषणाची सुरुवात जगभर पाठ आहे, त्यात सरळ सत्याऐंशी वर्षांपूर्वी असं न म्हणता चार वेळा वीस आणि वर सात असं भारदस्त म्हटलंय. तर लिंकनने परस्पर ते बदलून सत्याऐंशी केलंय आणि इकडे एजंटचा जीव जातोय, कारण ते वाक्य त्यांनी आधीच एका शहरात टेस्ट करून घेतलंय! शिवाय लिंकनने भाषण चक्क टाइप केलंय. किती वेळा सांगितलं, पाकिटाच्या मागे लिहायचं! हे भाषण लिंकनने ट्रेनमध्ये बसून पाकिटाच्या पाठीवर लिहिलं अशी एक दंतकथा अमेरिकेत शाळेपासून सांगतात, इतिहासकार ती खरी मानत नाहीत, आणि न्यूहार्ट म्हणतो ती दंतकथा म्हणजे एजंटचीच आयडिया. शेवटी एजंट त्याला प्रेमाने सुचवतो की फार दमलायस, एखादं नाटक बघून ये. लिंकनला नाटक बघताना गोळी घातली हे माहीत असलं की हे ऐकून काटा येतो, आणि एजंट मात्र त्याच प्रेमळ सुरात बोलतोय.

हे रेकॉर्ड एप्रिल 1960 मध्ये आलं. राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार केनेडी आणि निक्सन यांची पहिली टीव्हीवरची डिबेट झाली त्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये, जिच्याबद्दल आजही लोक बोलतात की कोण काय बोललं यापेक्षा कोण कसा दिसला याने फरक पडला. म्हणजे नेता हा प्रॉडक्ट म्हणून कसा पॅक करतात हे न्यूहार्टने त्याच्या काही महिने आधीच बोलून ठेवलंय, आणि कुठेही भाषण ठोकलेलं नाही.

रेकॉर्डिंगची कहाणी पण भन्नाट आहे. शिकागोचा एक रेडिओ डीजे होता, डॅन सॉर्किन, त्याने न्यूहार्टच्या टेप वॉर्नर ब्रदर्सच्या रेकॉर्ड कंपनीपर्यंत पोचवल्या. कंपनी नवीन होती, 1958 ची, आणि तेव्हा चाचपडत होती. त्यांना टेप आवडल्या, म्हणाले तुझा पुढचा नाइटक्लबचा शो असेल तो रेकॉर्ड करू. आणि याने तोपर्यंत नाइटक्लबमध्ये कधी शोच केला नव्हता! मग ह्यूस्टनच्या टाइडलँड्स नावाच्या क्लबमध्ये त्याला उभं केलं, फेब्रुवारी 1960. एक किस्सा तो नेहमी सांगायचा, की तिथे पहिल्यांदा जेवढं येत होतं तेवढं करून तो आत आला, बाहेर टाळ्या थांबेनात, मॅनेजमेंट म्हणालं परत जा, आणि याच्याकडे नवीन काहीच शिल्लक नव्हतं, तर त्याने बाहेर जाऊन लोकांनाच विचारलं की यातलं कुठलं परत ऐकायचंय. अल्बम ऐकताना मला हे सारखं आठवतं, कारण आवाजात सराईत कॉमेडियनची घाई अजिबात नाहीये, लोकांना हसवायचंय म्हणून ढकलणं नाहीये. आणि हसू आलं की तो वाट बघतो, त्यावर चढत नाही.

फोनवरचा विनोद काही त्याने शोधून काढला नाही हेही सांगायला हवं. 1913 मध्येच ‘कोहेन ऑन द टेलिफोन’ नावाची रेकॉर्ड निघाली होती, आणि न्यूहार्टच्या एकच वर्ष आधी शेली बर्मन या कॉमेडियनचा लाइव्ह अल्बम गाजला होता, त्यात तोही स्टुलावर बसून काल्पनिक फोनवर बोलायचा. बर्मनला पुढे वाटत राहिलं की न्यूहार्टने आपली गोष्ट उचलली. मी दोन्ही ऐकलंय आणि माझं मत असं आहे की साधन एक असलं तरी माणूस वेगळा आहे. बर्मनचा माणूस स्वतःच घाबरट, तडफडणारा, सगळं त्याच्यावर येऊन पडतंय. न्यूहार्टचा माणूस शहाणा आहे, शांत आहे, वेड लागलंय ते पलीकडच्या जगाला, आणि हा सभ्यपणे ते समजून घ्यायचा प्रयत्न करतोय.

‘ड्रायव्हिंग इन्स्ट्रक्टर’ हा त्याचा बहुतेक सगळ्यात फेमस ट्रॅक, त्यात फोन नाही पण पद्धत तीच. शिकाऊ बाई गाडी चालवतेय, तिचा आवाज नाही, फक्त इन्स्ट्रक्टर बोलतोय. आधीचे इन्स्ट्रक्टर चालत्या गाडीतून उडी मारून गेले तेव्हा स्पीड काय होता, असं तो विचारतो. पंच्याहत्तर. आणि कुठे होतात तुम्ही? घरासमोरच्या ड्राइव्हवेमध्ये! बायकांना गाडी येत नाही हा विनोद आज मला चालत नाही, तो तेव्हाही शिळाच असणार, ते ऐकताना खटकतं. पण त्याच ट्रॅकमध्ये इन्स्ट्रक्टरचा जो आवाज आहे, घाबरलाय पण नोकरी आहे म्हणून “छान, छान चाललंय” म्हणत राहणारा, त्याला तोड नाही. हसू त्या माणसाचं येतं.

या अल्बमचं पुढे जे झालं ते आज खरं वाटत नाही. बिलबोर्डच्या अल्बम-विक्रीच्या यादीत एक नंबर, तिथे पोचलेला हा पहिला कॉमेडी अल्बम. 1961 च्या ग्रॅमी या संगीताच्या अवॉर्ड्समध्ये अल्बम ऑफ द इयर, समोर फ्रँक सिनात्रा, नॅट किंग कोल असे लोक. बेस्ट न्यू आर्टिस्टही तोच. 1960 मध्येच घाईघाईने दुसरा अल्बम काढला होता तर तोही वर गेला आणि एका वेळी पहिल्या दोन्ही जागा याच्याच. 2006 मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसने हा पहिला अल्बम जपून ठेवायच्या रेकॉर्डिंगच्या यादीत घेतला.

पाणबुडीच्या कॅप्टनचं निरोपाचं भाषण पण आहे यात, दोन वर्षं समुद्राखाली राहून आता वर येतायत आणि कॅप्टन अभिमानाने सांगतो की थोड्याच वेळात तुम्हाला न्यूयॉर्क दिसेल किंवा ब्युनोस आयर्स. सोव्हिएत नेता ख्रुश्चेवच्या 1959 च्या अमेरिका भेटीवरचा ट्रॅक मला थोडा लांबलेला वाटला.

पण आपल्या लोकांनी लिंकनच्या आधी खरं तर ‘नोबडी विल एव्हर प्ले बेसबॉल’ ऐकावा असं म्हणेन. बेसबॉलचा जनक म्हणून ज्याचं नाव घेतात तो अॅबनर डबलडे खेळ विकणाऱ्या एका कंपनीला फोन करून आपला नवा खेळ समजावतोय आणि आपल्याला ऐकू येतो कंपनीचा माणूस. किती जोड्या लागतात? अठरा माणसं?? चार बॉल झाले की? चारच का? हे आधी कोणी विचारलंच नाही? घरात बसून खेळायचा खेळ शोधणारा तो बिचारा माणूस, आणि पलीकडून एकेक नियम येतोय. अमेरिकेत राहणाऱ्या ज्यांनी ज्यांनी तिथल्या ऑफिसातल्या माणसाला एलबीडब्ल्यू किंवा पाच दिवसांची ड्रॉ टेस्ट समजावून सांगितली असेल त्यांना यातला प्रत्येक पॉज कळेल. माझ्या न्यू जर्सीच्या मावसभावाला मी हा पाठवला, तो ऐकून त्याने लगेच व्हॉइस नोट टाकली, त्यात सुरुवातीला नुसतं हसणं आहे आणि मग, “ताई, आमचा मॅनेजर अगदी असंच विचारत होता गं, चहासाठी मॅच थांबवतात? खरंच?”