त्रिग्लावला जाताय? आधी पाण्याचा हिशोब करा

‘अहो, लहान पोरंसुद्धा जातात!’ त्रिग्लाव या डोंगराबद्दल हे वाक्य स्लोव्हेनियात मी इतक्या जणांकडून ऐकलं की त्यावर बंदी आणावी असं वाटतं. पोरं जातात, खोटं नाही. मी स्वतः पाहिली. डोक्यावर हेल्मेट, कमरेला हार्नेस (दोर अडकवायचा पट्टा) आणि बापाच्या दोरीला बांधलेली. सांगताना एवढं नेमकं सगळे गाळतात.

भाचा राजधानी ल्युब्लियानात मास्टर्स करतोय, त्याच्या निमित्तानं गेलो होतो. देश इवलासा: २०,२७३ चौरस किलोमीटर, म्हणजे पुणे जिल्ह्याच्या सव्वापटीहून थोडा मोठा, आणि माणसं सगळी मिळून साधारण २१ लाख. ल्युब्लियाना सुंदर आहे, प्लेचनिक या वास्तुविशारदाचे पूल आणि इमारती बघाव्यात, तिथले दिवस मजेत गेले, त्याबद्दल अधिक सांगण्यासारखं काही नाही. ब्लेडच्या तळ्याला अर्धा दिवस पुरे. बेटावर होडीनं जायचं, ९९ पायऱ्या चढायच्या, रांगेत उभं राहून घंटा वाजवायची, हे ज्याला हवं त्यानं करावं. मी तळ्याभोवतीची सहाएक किलोमीटरची फेरी फुकटात मारली आणि काही चुकल्यासारखं वाटलं नाही.

आता त्रिग्लाव. उंची २८६४ मीटर. देशातला सर्वांत उंच डोंगर, झेंड्यावर तोच, खिशातल्या ५० सेंटच्या नाण्यावरही तोच. आयुष्यात एकदा तरी प्रत्येकानं चढायचाच, असा तिथला दंडक. पुढचं सगळं अलंग-मदन-कुलंग छापाचे, दोर लावून चढायचे ट्रेक केलेल्यांसाठी आहे. नुसतं कळसूबाई शिड्यांवरून झालं असेल, तर बोहिन्यच्या तळ्यात पोहा. तेही झकास आहे.

आम्ही पोक्ल्युका पठारावरच्या रुडनो पोल्ये इथून निघालो. ही जागा १३४७ मीटरवर, त्यामुळे कागदावर चढाई दीड हजार मीटर दिसते. कागदावर विश्वास ठेवू नका. स्टुडोर खिंडीपर्यंत चढवून वाट तुम्हाला पुन्हा खाली व्होडनिकच्या झोपडीकडे (डोंगरावरचं मुक्कामाचं ठिकाण) उतरवते, आणि कमावलेली उंची परत कमवावी लागते. वाट चुकायची भीती मात्र नाही. दर थोड्या अंतरावर दगडावर लाल वर्तुळात पांढरा ठिपका रंगवलेला असतो. आपल्याकडे खुणेच्या बाणाखाली प्रेमवीरांची नावं असतात, तसलं काही नाही.

खरा मुद्दा पाणी. सह्याद्रीत आपल्याला एक सवय लागलेली असते: वर टाकं असणारच. बेसाल्ट पाणी धरतो, त्यात खोदलेली टाकी आजही कित्येक गडांवर भरलेली असतात. त्रिग्लाव चुनखडीचा. पाऊस पडला की भेगांमधून थेट पोटात जातो आणि कित्येकशे मीटर खाली झरा होऊन बाहेर पडतो. वर थेंब नाही. शिखराखालच्या क्रेडारित्साच्या झोपडीत (२५१५ मीटर, ‘झोपडी’ म्हणायचं, प्रत्यक्षात शेकडो माणसं झोपतील अशी मोठी इमारत) साठवलेलं पाऊसपाणी आणि वितळलेला बर्फ असतो, तो पिण्याचा नाही. प्यायचं पाणी बाटलीतून विकत, आणि बाटली हेलिकॉप्टरनं वर आलेली, त्यामुळे किंमत खालच्या दुकानाच्या कितीतरी पट. गंमत बघा, याच देशानं २०१६ साली पिण्याच्या पाण्याचा हक्क राज्यघटनेत लिहिला. ल्युब्लियानात कुठल्याही नळाला तोंड लावा, बिनधास्त. डोंगरावर मात्र आम्ही घोटाघोटाला युरो मोजत होतो. कारण समजतं, तरी चडफडाट होतोच. माणशी किमान तीन लिटर खालून भरून न्या. जड होतं, खांदे बोंबलतात, तरी न्या.

झोपडीत आधी जागा राखल्याशिवाय ऑगस्टमध्ये जाऊ नका. स्लीपिंग बॅगचं आतलं सुती अस्तर जवळ हवं, रोख पैसे हवेत, अंघोळीचा विचार सोडून द्या. गिर्यारोहण संघटनेचं सभासदत्व असेल तर मुक्कामाच्या दरात घसघशीत सूट मिळते, आपलं सभासद कार्ड तिथे चालतं का ते आधी विचारून घ्या. शाकाहारी मंडळींनी रिचेत नावाच्या बार्लीच्या आमटीपासून सावध राहावं, त्यात बहुतेक वेळा मांस असतं. ‘ब्रेझ मेसा’ एवढे दोन शब्द पाठ करा: मांसाशिवाय. मी चिक्की, खाकरे आणि श्ट्रुक्ली नावाच्या वाफवलेल्या गुंडाळ्यांवर निभावलं.

आणि तो टप्पा. क्रेडारित्सा ते शिखर. वाटेवरच्या पाटीवर तासाभराचं अंतर. सुरुवातीलाच समोर भिंत उभी राहते, त्यात लोखंडी खुंट्या ठोकलेल्या आणि पोलादी दोर ताणलेला. हे चढणं अवघड नाही. अवघड आहे ते खडकाचं गुळगुळीत होणं. वर्षानुवर्षं हजारो बुटांनी घासून चुनखडीला न्हाणीघरातल्या फरशीसारखी झिलई आलीय. आपला काळा कातळ उन्हात बुटाला चिकटतो, हा सटकतो. धाकट्या त्रिग्लाववर (२७२५ मीटर) पोचलात की पुढे धार. डावीकडे खाली, उजवीकडेही खाली. दोर एकच आणि त्याच दोराला धरून वरून उतरणारे येतात. मग कोण आधी सुटणार, कोण कुणाला ओलांडणार, हे खुणांनी ठरवायचं. माझ्यासमोर एक बाई मधोमध गोठल्या. पुढे ना मागे. पाठीमागची रांग शांतपणे उभी राहिली, कुणी ओरडलं नाही, ही त्या लोकांची मोठी गोष्ट. माझे मात्र पोटरीचे स्नायू थरथरत होते, आणि ‘लहान पोरं जातात’ म्हणणारे सगळे चेहरे एकेक करून आठवत होते.

तेव्हा स्पष्ट सांगतो. हेल्मेट, हार्नेस आणि पोलादी दोराला अडकवायचा, झटका सोसणाऱ्या दोन दोऱ्यांचा फेराटा संच नसेल तर क्रेडारित्सावरून परत फिरा. सामान खाली भाड्यानं मिळतं. वापरायचं कसं ते माहीत नसेल तर वाटाड्या घ्या, तिथे कंजूषपणा नको. पहाटे निघा. दुपारी ढग भरतात, विजा पडतात, आणि तुम्ही धातूच्या दोराला जखडलेले असता. शिखरावर अल्याझचा छोटा मनोरा आहे. याकोब अल्याझ या धर्मगुरूंनी शिखरावरची जागा विकत घेऊन १८९५ मध्ये तो उभारला. मनोराही धातूचाच, वीज कडाडत असताना त्याच्या भरवशावर राहू नका.

वर पोचल्यावर मात्र सगळं माफ. चहूकडे आल्प्स, पलीकडे ऑस्ट्रिया, इकडे इटली. पहिल्यांदा येणाऱ्याच्या पार्श्वभागावर दोराचे फटके मारायची तिथली रीत आहे. एका अनोळखी आजोबांनी ती माझ्यावर मनापासून पार पाडली. त्या क्षणी मी कुणालाही ‘जा, जा, सोपा आहे!’ असं सांगितलं असतं. उतरताना गुडघे गेले आणि ते मत बदललं.

गाडी भाड्यानं घेणार असाल तर महामार्गासाठी ई-विन्येता, म्हणजे टोलचा ऑनलाइन पास, गाडीला आहे ना ते स्वतः तपासा. आमच्या गाडीवाल्यानं विचारल्याशिवाय तोंड उघडलं नाही. पास नसेल तर दंड ३०० युरो. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, कायद्यानंच. म्हणून ट्रेकची खरेदी शनिवारी. रविवारी बसही मोजक्या.

मुलांना तिकडे शिकायला पाठवायचा विचार असेल तर मास्टर्स किंवा पीएचडीसाठी जरूर. पदवीचे बहुतेक अभ्यासक्रम स्लोव्हेनियन भाषेत आहेत, भाषा शिकायची तयारी नसेल तर नाद सोडा. राहण्याचा पहिला परवाना देशात शिरण्याआधीच हातात हवा. त्याचं काम दिल्लीतल्या वकिलातीतून होतं, त्यामुळे प्रवेश मिळाला रे मिळाला की कागदांच्या मागे लागा. ल्युब्लियानात वसतिगृहाची जागा मिळणं दुर्मिळ आणि खाजगी खोल्यांची भाडी भाच्याचं बजेट खातात. विद्यार्थ्यांना ‘नापोत्नित्सा’ नावाच्या चिठ्ठीवर अधूनमधून काम मिळतं, त्यावर त्याचा वरखर्च निघतो. आणि सर्वांत मोठी सोय म्हणजे ‘बोनी’: सरकारी अनुदानावर शहरातल्या नेहमीच्या हॉटेलांत सूप, सॅलड, मुख्य पदार्थ आणि वर एखादं फळ. भाचा महिन्यातले बरेच दिवस त्यावरच जेवतो. मामाला मात्र त्याच टेबलावर पूर्ण बिल.